करंगळी

मीनाक्षीने ब्रश टर्पेंटाइनमध्ये बुडवला, फडक्याला पुसला आणि शिवांगीच्या कॅनव्हासवरच्या बाईची करंगळी सरळ केली.

रंग अजून ओला होता, त्यामुळे काम सोपं गेलं. करंगळीनंतर शेजारचं बोट. ते मधल्या पेरापासून भलतीकडेच वळलं होतं. तिने शिवांगीच्याच पॅलेटवरचा ऑकर आणि पांढरा एकत्र केला, सावलीची कड थोडी आत ओढली, नखावर उजेडाचा बारीक ठिपका ठेवला आणि मागे सरकून पाहिलं. खाटेवर रजई पांघरून बसलेली बाई, मांडीवर टाकलेला डावा हात. हात आता हातासारखा दिसत होता.

मग तिला भान आलं. तिने दाराकडे पाहिलं. दुपारच्या सुट्टीत सगळे कॅन्टीनला गेले होते, व्हरांड्यात कुणाचीच चाहूल नव्हती. तिने ब्रश घाईघाईने धुऊन होता तसा डब्यात उभा केला आणि आपल्या ईझलपाशी येऊन बसली. इतक्या वर्षांच्या नोकरीत तिने कुणाच्या टेबलावरची पेन्सिलसुद्धा न विचारता उचलली नव्हती.

नोकरी चित्रकाराचीच होती, सरकारी. केंद्राच्या एका खात्यात आरोग्याची पोस्टर्स करायची. पाणी उकळून प्या. डासांना घर देऊ नका. जेवणापूर्वी हात स्वच्छ धुवा. त्या एका ‘हात धुवा’साठी तिने आयुष्यात किती हात काढले असतील, याची गणती नव्हती. गावातल्या दवाखान्याच्या भिंतीवर लावलेलं पोस्टर रस्त्यावरून चालणाऱ्या माणसाला एका नजरेत कळलं पाहिजे, हा तिथला नियम. ती त्यात तरबेज होती. नागपूरला चित्रकलेची पदवी घेऊन, लग्न करून दिल्लीला आली तेव्हा वर्षभर नोकरी करू आणि मग पुढे शिकू असं ठरलं होतं. मग मुलगी झाली, कादंबरी, मग आर. के. पुरमचं सरकारी क्वार्टर मिळालं, मग मयूर विहारच्या सोसायटीत फ्लॅट घेतला, मग कादंबरी नोकरीसाठी बंगळुरूला गेली. पन्नाशी उलटल्यावर मीनाक्षीने स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि एम. एफ. ए.ची प्रवेश परीक्षा दिली. यादीत नाव लागलं तेव्हा नवऱ्याने, दिलीपने, सोसायटीत पेढे वाटले होते.

कॉलेज सुरू झालं तसं मात्र तिला स्वस्थता अशी नव्हती. फाटकावरचा गार्ड तिला सलाम करायचा. ती स्टुडिओत शिरली की पहिले काही दिवस मुलं उठून उभी राहायची. नंतर उभं राहणं थांबलं, पण ती आली की त्यांचे विनोद अर्ध्यात थांबायचे. ती ईझल खिडकीपाशी न्यायची, उजेड जास्त वाटायचा. भिंतीपाशी आणायची, तिथे अंधार वाटायचा. धुतलेले ब्रश पुन्हा धुवायची. परतताना मेट्रोतून एक स्टेशन आधीच उतरून चालत घरी जायची आणि घरी पोचल्यावर मिसळणाचा डबा रिकामा करून पुसायला घ्यायची.

तिच्या ईझलवर घराच्या बाल्कनीतून दिसणारी सोसायटी होती. समोरचे मजले, पाण्याच्या टाक्या, वाळत घातलेले कपडे, खाली ओळीने लावलेल्या स्कूटर. सगळं जिथल्या तिथे. इंदुमती मॅडमनी, म्हणजे त्यांच्या शिक्षिकेने, मागच्याच आठवड्यात त्याच्यासमोर उभं राहून म्हटलं होतं,

“बहुत साफ़ है, मीनाक्षीजी.”

इंदुमती मॅडम तिच्याहून दहा-बारा वर्षांनी तरी लहान असतील. त्या ‘साफ़’चा अर्थ मीनाक्षी आठवडाभर लावत होती.

जिन्यावर हसण्याचे आवाज आले. शिवांगी सगळ्यांत पुढे होती, हातात अर्धा समोसा. तिने मीनाक्षीला नेहमीसारखं विचारलं,

“आपने खाया, मॅम?”

“डबा होता,” मीनाक्षी म्हणाली.

शिवांगी कॅनव्हाससमोर आली, पण तिने बाईच्या कपाळापाशी काम सुरू केलं. हाताकडे तिचं लक्ष गेलं नाही. त्या दिवशी नाही आणि दुसऱ्या दिवशी रिव्ह्यू सुरू होईपर्यंतही नाही.

*

रिव्ह्यू म्हणजे सगळ्यांनी घोळका करून एकेका चित्रासमोर उभं राहायचं. मीनाक्षीच्या सोसायटीपाशी मॅडम फार थांबल्या नाहीत. शिवांगीच्या चित्रापाशी थांबल्या. मग त्यांच्या चेहऱ्यावर पसंती दिसू लागली. खाटेचा ताण, रजईखालच्या गुडघ्यांचं वजन, बाईच्या ओठांचा कोपरा, याबद्दल त्या बोलल्या. मग खाली वाकल्या.

“ये हाथ किसका है?”

“मम्मी का,” शिवांगी म्हणाली.

“नहीं, मतलब... हा हात या बाईचा नाहीये. बाकी सगळं चित्र तू पाहिलंयस. हा हात तू कुठूनतरी उचललायस.”

शिवांगी पुढे झाली. तिने चित्राजवळ चेहरा नेला. तिच्या मानेवर लाली चढताना मीनाक्षीला मागून दिसली.

“मॅम, ये मैंने...” एवढं म्हणून ती थांबली आणि सगळ्यांकडे वळून पाहू लागली. प्रत्येकाच्या चेहऱ्यावरून तिची नजर फिरत होती. मीनाक्षीपाशी आली आणि पुढे गेली. तिच्यावर संशय घेण्याचं शिवांगीच्या मनातही आलं नाही, हे मीनाक्षीला त्या क्षणी सगळ्यात असह्य झालं.

“मैंने किया,” ती म्हणाली.

कुणीतरी मागे हसलं.

“आपने?” मॅडमनी विचारलं.

“कल दोपहर में. मला वाटलं... मुझे लगा, गलत है. चुकलंय.”

मॅडम ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. शिवांगी मीनाक्षीकडे पाहत होती.

“मेरी मम्मी का हाथ ऐसा ही है,” ती म्हणाली. “मतलब, जैसा था. तुम्ही बदलण्याआधी चित्रात होता तसा.”

तिने कॅनव्हास ईझलवरून उतरवला आणि तोंड भिंतीकडे करून ठेवला. मॅडम पुढच्या मुलाच्या चित्राकडे वळल्या. त्यांच्यामागे घोळकाही सरकला.

*

“म्हणजे दुसऱ्याच्या फाइलवर तू नोटिंग केलंस,” दिलीप म्हणाला. निवृत्त झाल्यापासून त्याने स्वयंपाकघराचा ताबा घेतला होता. मटारउसळीत खोबरं घालता घालता त्याचा हात थांबला होता.

“चेष्टा करू नका.”

“चेष्टा नाही गं. पण का केलंस?”

“समोर चुकीचं दिसत होतं. माझं माझं काही होत नव्हतं, आणि ते दिसत होतं. हात आपोआप गेला.”

“ऑफिसात ज्युनिअर लोकांची ड्रॉइंग्ज तू करेक्ट करायचीसच ना.”

“तिथे ते माझं कामच होतं.”

ती ओट्यापाशी उभी होती, मग खुर्चीत बसली, मग उठून तिने फ्रीज उघडला आणि काही न काढता बंद केला. दिलीपने गॅस बारीक केला.

“सॉरी म्हणालीस?”

“म्हणाले. ती ‘इट्स ओके मॅम’ म्हणाली.”

“चलो, मग झालं तर.”

“नाही झालं,” मीनाक्षी म्हणाली. “अहो, मी सोडू का हे सगळं?”

तिने इतकी वर्षं या अभ्यासक्रमाचं नाव किती वेळा घेतलं होतं ते दिलीपला ठाऊक होतं. उसळ हलवत तो म्हणाला,

“सोडायचं असेल तर सोड. पण असं तोंड चुकवून नको.”

कॉलेजात शिवांगी आता तिच्याशी बोलत नव्हती असं नाही. विचारलेल्याला उत्तर देत होती. पण ‘आपने खाया?’ बंद झालं. भिंतीकडे तोंड केलेला कॅनव्हास तिने आठवडाभर वळवला नाही. ती कोऱ्या कागदांवर कोळशाने हात काढत बसायची. एकामागून एक हात, आणि सगळे फाडून टाकायची. मीनाक्षी आपल्या स्टुलावरून ते पाहत होती. शेवटी तिला राहवलं नाही. ती उठून शिवांगीच्या बाजूला जाऊन उभी राहिली.

“फोटोवरून का करत नाहीस?”

“फोटो में मम्मी वो हाथ दिखाती ही नहीं.” शिवांगीने मान वर केली नाही. “दुपट्ट्यात, नाहीतर पाठीमागे. माझ्या पहिल्या वाढदिवसापासून आत्तापर्यंत एकही फोटो नाही. मी आठवून काढला होता. एकदाच आला. आता येत नाहीये.”

कोळशाने काळी झालेली बोटं तिने जीन्सला पुसली. तिचे डोळे भरले होते. ते लपवायला ती कागद गोळा करू लागली.

“घर कुठे तुझं?”

“पानिपत. या रविवारी जातेय, हात बघायला.”

“मी येऊ?” मीनाक्षी म्हणाली. “तुझ्या आईला सांगायचंय, मी काय केलं ते.”

शिवांगीने पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं. खांदे उडवले.

“आ जाइए.”

*

“पानिपतला आपण चौदा तारखेला जाणारच आहोत,” दिलीप म्हणाला. “मराठी मंडळाची बस आहे. तेव्हाच त्यांना भेटून ये ना.”

दरवर्षी संक्रांतीला मंडळाची बस पानिपतच्या लढाईच्या जागी, काला अंबला जायची. स्मारकापाशी फुलं वाहायची, भाषण ऐकायचं, तिळगूळ वाटायचा आणि संध्याकाळच्या आत दिल्लीत परत. मीनाक्षी कितीदा तरी गेली होती. पानिपत म्हणजे तिच्या मनात धुक्यातलं ते मोकळं मैदान आणि पुण्या-मुंबईहून आलेल्यांच्या डोक्यावरचे फेटे. तिथे गाव आहे, गावात माणसं राहतात, याचा तिने कधी विचार केला नव्हता.

“नाही,” ती म्हणाली. “रविवारीच जाते.”

काश्मिरी गेटहून दोघी बसने निघाल्या. वाटेत शिवांगी कानात इयरफोन घालून बसली होती. पानिपतला उतरून ई-रिक्षाने ज्या गल्लीत गेल्या तिथे हवेत बारीक तंतू उडत होते. दोन्ही बाजूंच्या शेडमध्ये मशीन चालू होत्या. परदेशातून आलेले जुने कपडे फाडून त्यांचं सूत आणि सुताच्या चादरी करायचं काम. मीनाक्षीने पदर नाकाला लावला. शिवांगी तशीच चालत होती.

शिवांगीची आई, कौशल्या, दारातच उभी होती. बुटकी, चपळ, पोपटी शाल पांघरलेली. मीनाक्षीला पाहताच तिने उजव्या हाताने डोक्यावरचा पदर सारखा केला.

“आओ मैडमजी. आपने क्यों तकलीफ़ करी?”

“मम्मी, मैडम नहीं हैं. मेरे साथ पढ़ती हैं.”

कौशल्याने दोघींकडे आळीपाळीने पाहिलं. मग ती तोंडाला शाल लावून हसली. त्या हसण्यात कुचेष्टा नव्हती. मीनाक्षीलाही हसू आलं. कितीतरी दिवसांनी.

चहा झाला. गाजराचा हलवा झाला. खाट तीच होती, चित्रातली. रजईसुद्धा. मीनाक्षी ओळखीच्या घरात आल्यासारखी तिच्यावर बसली. शिवांगीने फोनवर चित्राचा फोटो काढून आईपुढे धरला. आपलं चित्र काढलं जातंय हे कौशल्याला ठाऊकच नव्हतं. तिने फोन हातात घेतला, दूर धरला, जवळ आणला.

“मैं इतनी बूढ़ी लगूँ हूँ?”

“मम्मी, हाथ देख.”

आता बोलायला हवं होतं. मीनाक्षीने चहाचा पेला खाली ठेवला आणि सांगितलं. हा हात शिवांगीने काढलेला नाही. तिने खरा काढला होता, मी न विचारता बदलला. मला ती चूक वाटली. मी माफी मागायला आलेय.

कौशल्या फोनकडे पाहत राहिली. अंगठ्याने तिने हात मोठा केला.

“ये तो बढ़िया है,” ती म्हणाली. “यही रहने दे.”

“मम्मी, ये तेरा हाथ नहीं है.”

“मेरा ही है. पहले ऐसा ही था.”

“पहले का नहीं चाहिए मुझे.” शिवांगीचा आवाज चढला. “एक बार दिखा दे. दहा मिनिटं. मी रेखाटन करते, बस.”

कौशल्याचा डावा हात शालीच्या आत होता. तो आणखी आत गेला.

“बनाने को हाथ ही मिला मेरा? इतनी बड़ी औरत बैठी है सामने.”

शिवांगी उठली. काहीतरी पुटपुटत, पायऱ्यांवर पाय आपटत ती गच्चीवर गेली. वर कपडे ओढून काढल्याचा आवाज येत राहिला. मीनाक्षी अवघडून बसली होती. तिची बाजू घेतली गेली होती, आणि ती तिला नको होती.

कौशल्याने कोपऱ्यातली मटारच्या शेंगांची पिशवी ओढली. ताटात शेंगा ओतल्या. आपसूक दोन्ही हात बाहेर आले. मीनाक्षीने नजर दुसरीकडे वळवली, पण तोवर तिला दिसलं होतं. शिवांगीने अगदी तसंच काढलं होतं. शेवटची दोन बोटं पेरापासून बाहेर वळलेली, त्यांच्यावरची कातडी तुकतुकीत.

“देख लो,” कौशल्या म्हणाली. “आपसे क्या छुपाना.”

मीनाक्षीनेही एक शेंग उचलली. काही वेळ दोघी सोलत राहिल्या.

“मशीन में आया था,” कौशल्या सांगू लागली. आवाज तिने खाली आणला होता. पलीकडच्या त्या शेडमध्येच ती कामाला होती. शिवांगी तेव्हा सात-आठ महिन्यांची. घरी सांभाळायला कुणी नाही, म्हणून शेडच्या कोपऱ्यात जुन्या चादरीची झोळी बांधून ती पोरीला तिथेच ठेवायची. मशीनच्या आवाजात रडणं ऐकू यायचं नाही, त्यामुळे मधूनमधून मान वळवून झोळीकडे पाहायची. झोळी हलली की पोर ठीक आहे. त्या दिवशी झोळी हलेना. तिने पाहिलं, पुन्हा पाहिलं. नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ पाहत राहिली. तेवढ्यात पट्ट्याने हात ओढला.

“सो रही थी,” कौशल्या म्हणाली. “बस, सो रही थी.”

तिने सोललेल्या दाण्यांतून एक किडका दाणा वेचून बाजूला टाकला.

“सबसे यही कहा कि मेरी आँख लग गई थी. उसके पापा को भी. आता पोर हाताच्याच मागे लागलीय. बनाएगी तो देखेगी, देखेगी तो पूछेगी. एक बार उसने जान लिया, तो जिंदगीभर अपना ही दोष मानेगी. आपका वाला हाथ अच्छा है, बहनजी. उसे समझाओ, वही रखे.”

मीनाक्षीच्या हातातली शेंग तशीच राहिली.

“उसको बताना मत,” कौशल्या म्हणाली.

“नाही,” मीनाक्षी म्हणाली आणि मग हिंदीत, “नहीं बताऊँगी.”

वरून शिवांगीची पावलं वाजली. कौशल्याचा डावा हात शालीत गेला नाही. कदाचित ती विसरली असेल. शिवांगी कपड्यांचा ढीग घेऊन दारात आली आणि तिथेच थांबली. आई मटार सोलत होती, वाकडी बोटं शेंगेच्या शिरेत घालून, झरझर. शिवांगी ढीग छातीशी धरून उभी राहिली. ती श्वाससुद्धा हळू घेत होती. मीनाक्षी मुद्दाम मोठ्याने हवेबद्दल, धुक्याबद्दल, दिल्लीच्या भाज्यांबद्दल बोलत राहिली.

*

“मिल गया,” परतीच्या बसमध्ये शिवांगी म्हणाली. आता इयरफोन तिच्या कानात नव्हते. “हात पूर्ण लक्षात आहे. आप बातें करती रहीं, मम्मी भूल गईं. थँक्यू.”

मीनाक्षी मान हलवून खिडकीबाहेर पाहू लागली. मोहरीची शेतं मागे जात होती, धुळकट उन्हात पिवळी. आपण कौशल्याला दिलेला शब्द राखला की मोडला, हे तिला ठरवता येत नव्हतं. तो हात शिवांगीच्या डोळ्यांत भरेपर्यंत तिनेच तर वेळ काढून दिला होता.

“एक बात समझ में नहीं आती,” शिवांगी म्हणाली. “मम्मी म्हणते, मशीनवर झोप लागली. मम्मी को? प्रवासातसुद्धा तिचा डोळा लागत नाही. तापत्या दुधावरून नजर हलत नाही तिची. मुझे कभी यकीन नहीं हुआ.”

ती उत्तराची वाट पाहत होती. मीनाक्षीला जाणवलं, एक वाक्य पुरे. रस्त्यावरून चालणाऱ्या कुणालाही कळेल असं एक स्वच्छ वाक्य. आयुष्यभर तिने तीच वाक्यं रंगवली होती.

“थकली असेल,” ती म्हणाली. “थक गई होंगी.”

“हाँ,” शिवांगी म्हणाली. जरा वेळाने तिने डोकं खिडकीच्या दांडीला टेकलं आणि डोळे मिटले.

घरी दिलीपने विचारलं, काय म्हणाली आई? मीनाक्षी म्हणाली, छान बाई आहे. एवढंच सांगून ती बाल्कनीत गेली, आणि समोरच्या टाक्या, कपडे, स्कूटर यांच्याकडे पाहत उभी राहिली. दिलीपने जेवायला बोलावलं तेव्हाही ती तिथेच होती.

*

सोमवारी शिवांगीने पॅलेट नाइफने ती दोन बोटं खरवडून काढली. तिने मीनाक्षीला बोलावलं नाही आणि दूरही पाठवलं नाही. दोन दिवसांत हात परत आला. आधी कसा होता ते मीनाक्षीला आठवत होतं. हा तसा नव्हता. हा काहीतरी करता करता मध्येच थांबलेला हात होता.

मीनाक्षीने सोसायटीचं चित्र उतरवून ठेवलं आणि नवा कॅनव्हास लावला. काय काढायचं हे तिने ठरवलं नव्हतं. आधी एक मान आली. वळलेली. मग कान, कानामागे ओढलेले केस, गालाची कड. चेहरा जवळजवळ पलीकडेच गेलेला. खांद्यांखाली तिने काही काढलं नाही, हात नाहीत आणि मशीनही नाही. बाई जिकडे पाहत होती तिकडचा कॅनव्हास तिने करडा ठेवला. तिथे काहीतरी घालावं म्हणून ब्रश दोनदा तरी उचलला, आणि दोन्ही वेळा मागे घेतला. मानेची ती एक शीर तिला नीट जमत नव्हती. ती पुसायची आणि पुन्हा काढायची. ईझल कुठल्या भिंतीपाशी आहे हे त्या आठवड्यात तिच्या ध्यानातही आलं नाही.

इंदुमती मॅडम एकदा मागे येऊन उभ्या राहिल्या. बऱ्याच वेळाने गेल्या.

शुक्रवारी दुपारी स्टुडिओ रिकामा होत होता. शिवांगी बॅग खांद्याला लावून निघाली होती. दारापर्यंत जाऊन ती परत फिरली.

“ये किधर देख रही है?” तिने विचारलं.

“माहीत नाही,” मीनाक्षी म्हणाली. मराठीतच. शिवांगीला ते कळलं असावं.

ती आणखी जवळ आली. बॅगेचा पट्टा तिच्या खांद्यावरून घसरला, तो तिने सावरला नाही. त्या मानेकडे ती पाहत होती, मग करड्या जागेकडे, मग पुन्हा मानेकडे.

“किधर नहीं,” ती हळूच म्हणाली. “किसे? किसे देख रही है?”

शिवांगीने मागचं स्टूल ओढलं आणि ती चित्रासमोर बसली. जिन्यावरून कुणीतरी तिला चहासाठी हाक मारली, मग आणखी एकदा मारली. ती उठली नाही.